केळीच्या पट्टीचं ॲप, बंद पडलेला डेटाबेस आणि पडद्यावरचं शून्य : प्रकल्प नोंदी, मे २०२४

सावद्याजवळच्या एका केळी व्यापाऱ्याच्या ऑफिसातलं काम आहे, नाव देत नाही. मशीन म्हणजे ऑफिसातलाच एक जुना डेस्कटॉप, त्यावर उबुंटू २०.०४ (ऑपरेटिंग सिस्टिम), अपाचे (वेब सर्व्हर), पीएचपी ७.४ (ॲप लिहिलंय ती भाषा) आणि मायएसक्यूएल ८.० (डेटाबेस). ॲप त्याच्याही आधीचं आहे, कोणीतरी लिहून दिलं आणि निघून गेलं, गेल्या दिवाळीपासून मी सांभाळतोय. गाडीची नोंद, भुईकाट्याचं वजन, नवती-पिलबाग-वापसी या केळीच्या प्रकारांचे भाव, शेतकऱ्याने घेतलेली उचल आणि शेवटी पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचा हिशोब, एवढं सगळं त्यात होतं. रोज रात्री वहीत खरडलेलं होतं ते इथे सलग लिहितोय. ज्यांच्याकडे असं छोटं ॲप छोट्या ऑफिसात चालतं त्यांना कामाला यावं.

४ मे, शनिवार

सकाळी पावणेसातला दिवाणजींचा फोन. "भाऊ, ॲप उघडून राहिलं पण आत काहीच नाही. कालच्या गाड्याबी गेल्या."

मी भुसावळला घरी होतो. ऑफिसला स्टॅटिक आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) आहे म्हणून ॲप घरून दिसतं, उघडून बघितलं तर पान एकदम व्यवस्थित, वर मेन्यू, खाली फूटर, मधे लिहिलेलं "आज एकही गाडी नाही". लाल काही नाही, एरर नाही. कालची तारीख टाकली, परवाची टाकली, प्रत्येक तारखेला एकही गाडी नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात केळीच्या ऑफिसला एकही गाडी नाही हे होऊच शकत नाही.

तेवढ्यात दुसऱ्या क्लार्कचा फोन, त्याला लॉगिनच होईना, "युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा" येतंय. दिवाणजी कालपासून लॉगिन होते म्हणून त्यांचं चालू होतं, हा नवीन लॉगिन करत होता म्हणून अडकला. मी म्हटलं ॲडमिनमधून त्याचा पासवर्ड बदला. बदलला, "पासवर्ड यशस्वीरीत्या बदलला" असं हिरव्या अक्षरात आलं, तरी लॉगिन नाही. परत बदलला, परत हिरवं, परत नाही. असं चार वेळा. मग शेठना वाटलं कोणीतरी आत घुसून पासवर्ड बदलतंय, त्यांनी वायफायचा पासवर्ड बदलायला लावला, राउटर बंद-चालू केला, त्यात प्रिंटरचंही कनेक्शन गेलं. एकूण तीन तास पासवर्डच्या मागे गेले आणि ते सगळे माझ्या सांगण्यामुळे गेले.

खरं काय होतं ते आता कळतंय. डेटाबेसच बंद होता. लॉगिनचा कोड युजर शोधतो, क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) फेल झाली तर त्याला युजर सापडत नाही, आणि युजर सापडला नाही की तो म्हणतो पासवर्ड चुकीचा. पासवर्ड बदलायचा कोड अपडेट क्वेरी टाकतो आणि ती झाली का नाही हे न बघताच हिरवा मेसेज देतो. म्हणून कोणी एकदम सगळ्यांचे पासवर्ड चुकीचे यायला लागले असं सांगितलं तर आधी डेटाबेस जिवंत आहे का ते बघा, पासवर्डला नंतर हात लावा.

राउटरवर फक्त वेबचा पोर्ट उघडा ठेवलाय, एसएसएच (दुरून मशीनवर काम करायची सोय) मुद्दाम बंद आहे, त्यामुळे घरून आत जाता येत नव्हतं. त्या दिवशी जळगावला दुसरं काम घेतलेलं. दिवाणजींनी दिवसभर कच्च्या वहीत नोंदी केल्या.

५ मे, रविवार

सकाळी सातलाच बाइकने निघालो कारण दहानंतर त्या रस्त्याने ऊन सहन होत नाही.

पहिलं काम मी चुकीचं केलं, अपाचे रीस्टार्ट केला. काही फरक नाही. मग अपाचेचा एरर लॉग उघडला तर शेवटची ओळ शुक्रवारी रात्रीची, शनिवारचं एक अक्षर नाही. त्यावरून मी असं धरून चाललो की एरर येतच नाहीये, म्हणजे पीएचपी बरोबर चाललंय, म्हणजे डेटाच उडालाय. पोटात गोळा आला. बॅकअपच्या फोल्डरमध्ये बघितलं तर शनिवारी पहाटे दोनची फाइल होती, आकार २० बाइट. वीस. रविवारचीही तेवढीच. ती उघडली तर आत काहीच नाही.

हे २० बाइट लक्षात ठेवा. डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत) घेणारी कमांड आणि ती दाबून लहान करणारा जीझिप यांची पाइपने जोडलेली ओळ क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या यादीत) असते, डंप फेल झाला तरी जीझिप रिकाम्या इनपुटची रिकामी फाइल व्यवस्थित बनवतो, ती २० बाइटची होते, आणि सगळी ओळ यशस्वी धरली जाते कारण शेवटची कमांड यशस्वी झाली. तारीख बरोबर, नाव बरोबर, आत हवा. शेल स्क्रिप्टमध्ये पाइपफेल (जोडलेल्यांपैकी एक कमांड फेल झाली तरी सगळी ओळ फेल धरायची सेटिंग) चालू केलं असतं तर कळलं असतं. आता केलंय, शिवाय फाइल ठरावीक आकारापेक्षा लहान असेल तर मला मेसेज येतो.

मग एकदाचं सिस्टिमसीटीएलने मायएसक्यूएलचं स्टेटस बघितलं, फेल्ड. स्टार्ट केलं तर थोडा वेळ घेऊन परत फेल्ड. मायएसक्यूएलचा स्वतःचा एरर लॉगही शुक्रवारनंतर कोरा. डिस्कची शंका आली म्हणून किती जागा भरलीय ते दाखवणारी डीएफ कमांड दिली, मुख्य (रूट) पार्टिशन १०० टक्के. पण मी म्हटलं खात्री करू आणि एक छोटी फाइल बनवून बघितली, ती बनली! मग डिस्क भरलीय हे खोटं, दुसरं काहीतरी आहे, असं समजून मी पाऊण तास परमिशन आणि ॲपआर्मर (कोणत्या प्रोग्रॅमने कोणत्या फाइलला हात लावायचा ते ठरवणारा पहारेकरी) तपासत बसलो.

ती फाइल बनली कारण मी रूट, म्हणजे मशीनचे सगळे अधिकार असलेला युजर, होतो. ईएक्सटी४ फाइल सिस्टिम साधारण ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. रूटला जागा दिसते, बाकी कोणाला मिळत नाही. मायएसक्यूएल त्याच्या स्वतःच्या युजरने चालतो, पीएचपी अपाचेच्या युजरने चालतं, दोघांना शून्य जागा. आणि लॉग का कोरे होते ते पण यातच आलं, लॉग लिहायलाही जागा लागते. म्हणजे जी गोष्ट बिघडली तिनेच बिघाडाची नोंद बंद पाडली. डिस्क भरलीय का हे तपासायचं असेल तर त्या त्या सर्व्हिसच्या युजरने फाइल बनवून बघा, रूटने नाही.

शेवटी घटनाक्रम असा जुळला. शुक्रवारी जागा संपतच आली होती. रात्री लाइट गेली, यूपीएसच्या बॅटऱ्या मेलेल्या, मशीन धाडकन बंद. लाइट आली तसं आपोआप चालू झालं (बायोसमध्ये तसं सेट आहे), अपाचे उठला, मायएसक्यूएलला उठताना टेंपररी फाइल आणि नवा बायनरी लॉग (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी फाइल) लिहायला जागा पाहिजे ती मिळाली नाही, तो पडला. दुकान उघडं आणि आत गल्लाच नाही अशी गत.

जुने डंप बाहेरच्या डिस्कवर कॉपी केले, तपासले, मग इथून काढले, सहा जीबी मोकळे झाले आणि मायएसक्यूएल पहिल्या झटक्यात उठला. सगळा डेटा जागेवर. दुपारचे दीड वाजले होते, दिवाणजींनी मठ्ठा दिला तो एका दमात प्यायलो.

६ मे, सोमवार

आज शोध, जागा खाल्ली कोणी. २० जीबीच्या पार्टिशनवर जवळजवळ आठ जीबी बायनरी लॉग. मायएसक्यूएल ८.० मध्ये हे लॉग मुळातच चालू असतात आणि ३० दिवस ठेवले जातात, ५.७ मध्ये ते बंद असायचे. ज्यांनी ५.७ वरून ८ वर उडी मारली आणि सेटिंग बघितली नाही त्यांच्याकडे हे हळूहळू साठत जाणार.

पण आठ जीबी एवढ्याशा ऑफिसात? भुईकाट्याच्या स्क्रिप्टने केलं ते. काट्याचा इंडिकेटर सिरियल पोर्टवर सतत वजन पाठवतो, सेकंदाला आठ-दहा वेळा, काट्यावर गाडी असो नाहीतर कुत्रं. पायथनची एक स्क्रिप्ट ते प्रत्येक वाचन टेबलमध्ये टाकत होती. दिवसरात्र. रात्री तीनला रिकाम्या काट्याचं शून्य किलो वजन सेकंदाला दहा वेळा डेटाबेसमध्ये आणि डेटाबेसमधून बायनरी लॉगमध्ये.

दोन गोष्टी केल्या. बायनरी लॉग तीन दिवसांवर आणले, म्हणजे सेटिंगमध्ये २,५९,२०० सेकंद, आणि जुने लॉग पर्ज कमांडने काढले. ते फोल्डरमध्ये जाऊन हाताने डिलीट करायचा मोह होतो, करू नका, इंडेक्स फाइलमध्ये त्यांची नावं राहतात आणि पुढच्या स्टार्टला मायएसक्यूएल त्या फाइली शोधत बसतो. दुसरं, स्क्रिप्ट बदलली, आता वजन काही सेकंद स्थिर राहिलं आणि ते ठरावीक किलोच्या वर असलं तरच एक नोंद टाकते.

ही दुसरी दुरुस्ती मला फार आवडली होती. तिनेच पुढे ११ तारखेला मार दिला.

७ मे, मंगळवार

डेटाबेस पडतो, मशीन आहे, पडणारच. पण पडल्यावर ॲपने "एकही गाडी नाही" का म्हणावं? आज दिवसभर फक्त कोड वाचला.

कनेक्शनच्या ओळीच्या आधी ॲटचं चिन्ह (@). पीएचपीत फंक्शनच्या आधी ते चिन्ह लावलं की त्याची वॉर्निंग गिळली जाते. अशी चिन्हं शोधली तर ४७ ठिकाणी. मधेच कोणाला तरी वॉर्निंग पडद्यावर दिसली असणार, ग्राहक ओरडला असणार, आणि चिन्ह लावून विषय मिटवला असणार. त्यात पीएचपी ७.४ मध्ये मायएसक्यूएलआय क्वेरी फेल झाली की गुपचूप फॉल्स (म्हणजे नुसतं "नाही") देतं. ८.१ पासून हे बदललंय, तिथे आपोआप एक्सेप्शन (काम तिथेच थांबवणारी एरर) फेकलं जातं. आमच्याकडे ७.४, त्यामुळे फॉल्स, त्या फॉल्सवर व्हाइल लूप, लूप एकदाही फिरत नाही, आणि खाली लिहिलेलं असतं की एकही ओळ आली नाही तर "आज एकही गाडी नाही" दाखवा.

सगळ्यात वर एक ओळ टाकली, मायएसक्यूएलआय रिपोर्टला एरर आणि स्ट्रिक्ट दोन्ही. आणि ४७ चिन्हं काढली.

ॲप चांगल्या डेटाबेसवर पण तीन ठिकाणी कोसळलं.

आधी वाटलं मीच काहीतरी मोडलं. मग बघितलं तर त्या तीन क्वेरी कित्येक महिन्यांपासून फेलच होत होत्या, कोणाला माहीत नव्हतं. एक क्वेरी अशा टेबलमध्ये एसएमएसची नोंद टाकत होती जे टेबल या मशीनवर कधी बनलंच नाही. एका क्वेरीत कॉलमचं जुनं नाव. आणि तिसरी जास्त गंभीर, वापसीचा शेरा लांब असला की ती पूर्ण ओळ सेव्ह होत नव्हती. दिवाणजींना विचारलं तर म्हणाले, "हो भो, कधी कधी वापसी दिसत नाही, मग मी परत टाकतो, मला वाटे माझ्याच हातून राहिली." दोन सीझन तो माणूस स्वतःला दोष देत बसला होता. मला फार वाईट वाटलं.

आजची माझी चूक. डीबगसाठी मी डिस्प्ले एरर चालू केलं आणि मुद्दाम डेटाबेस बंद करून पान उघडलं, तर पडद्यावर पूर्ण स्टॅक ट्रेस (एरर कुठून कुठून आली त्याची यादी) आला आणि त्यात कनेक्शनच्या फंक्शनला दिलेला पासवर्ड ढळढळीत छापलेला. एक्सेप्शनमधले आर्ग्युमेंट लपवायची सेटिंग ७.४ मध्ये आहे, पण इथली सेटिंग फाइल जुन्या मशीनवरून उचलून ठेवलेली, त्यात ती नव्हती. हे ॲप बाहेरून उघडतं, म्हणजे त्या वीस मिनिटांत कोणीही बघू शकलं असतं. लगेच बंद केलं, डेटाबेसचा पासवर्ड बदलला. एरर लॉगमध्ये बघायचे, पडद्यावर नाही.

८ मे, बुधवार

आज जे कळलं त्याच्यामुळे या नोंदी लिहायचं ठरवलं.

चहा घेताना दिवाणजींनी सांगितलं, शनिवारी तापीकाठच्या एका गावचे एक आप्पा आले होते. आखाजी (अक्षय्य तृतीया) १० तारखेला, लेकी माहेरी येणार, घरात पैसा पाहिजे म्हणून मागच्या पट्टीचं येणं घ्यायला आले. क्लार्कने दिवाणजींच्या चालू लॉगिनमधून त्यांचं खातं उघडलं, पडद्यावर "येणे बाकी ०.००". त्याने सांगितलं, आप्पा, तुमचा हिशोब पूर्ण झालाय, काही निघत नाही. आप्पांनी दोनदा विचारलं, मग काही न बोलता उठून गेले. बसने आले होते.

मी आज त्यांचं खातं काढलं. येणे ३८,४६० रुपये.

हे शून्य आलं कुठून ते ओळ न ओळ तपासलं. क्वेरी फेल, फॉल्स. फॉल्समधून ओळ वाचायला गेलं तर पीएचपी नल (म्हणजे काहीच किंमत नाही) देतं. नलमधून बाकीचा कॉलम मागितला तर परत नल. आणि तो नल नंबर फॉरमॅटच्या फंक्शनला दोन दशांश स्थळांसाठी दिला की ते इमानाने ०.०० छापतं. चार पायऱ्या, जिथे वॉर्निंग येते तिथे ती गिळलेली, आणि शेवटच्या पायरीला तर ७.४ मध्ये ती येतच नाही. "मला माहीत नाही" हे उत्तर चार पायऱ्या उतरून "शून्य रुपये" झालं, आणि क्लार्कने ते शेतकऱ्याला तोंडावर सांगितलं. कोऱ्या पानापेक्षा हे वाईट आहे. कोरं पान दिसलं असतं तर क्लार्कने वही काढली असती.

म्हणून आता पैशाच्या आणि वजनाच्या प्रत्येक आकड्यासाठी एकच फंक्शन केलं. त्याला नल मिळाला तर ते शून्य छापत नाही, लाल पट्टीत लिहितं, "हिशोब आत्ता दिसत नाही. शून्य समजू नका. वहीत बघा." याद्यांचेही दोन वेगळे मेसेज केले, क्वेरी चालली आणि ओळी आल्या नाहीत तर "आज गाडी नोंदलेली नाही", आणि क्वेरीच चालली नाही तर "डेटाबेसशी संपर्क नाही" आणि बाजूला फक्त एरर नंबर. नंबर यासाठी की दिवाणजींनी फोनवर वाचून दाखवला तरी मला कळतं. २००२ म्हणजे डेटाबेस उठलेलाच नाही किंवा सापडत नाही, १०४५ म्हणजे पासवर्डचं लफडं, १०४० म्हणजे कनेक्शन जास्त झाली, २००६ म्हणजे चालू कनेक्शन मधेच तुटलं. हे चार आकडे कागदावर लिहून त्यांच्या टेबलाच्या काचेखाली सरकवले.

शेठनी आप्पांना स्वतः फोन केला, संध्याकाळी माणूस पाठवून पैसे घरपोच दिले.

१० मे, शुक्रवार

आखाजी. ऑफिस बंद. बहीण आली होती, आमरस आणि खापरावरच्या पोळ्या, लॅपटॉप उघडला नाही.

११ मे, शनिवार

सकाळी पहिल्या गाडीचं वजन ॲपमध्ये आलं नाही. दुसऱ्या गाडीचंही नाही. काट्याच्या डब्ब्यावर आकडा दिसतोय, स्क्रिप्टचं प्रोसेस चालू दिसतंय, डेटाबेस चालू, डिस्कवर भरपूर जागा. तिसऱ्या गाडीपर्यंत दिवाणजींनी मशीनच रीस्टार्ट केलं आणि सगळं चालू झालं, मी पोचलो तेव्हा बिघाड गायब.

दुपारभर काही सापडेना. मग स्क्रिप्ट शेवटपर्यंत परत वाचली, मूळ लेखकाने इन्सर्टभोवती ट्राय लावलाय आणि एक्सेप्टमध्ये पास. म्हणजे काहीही झालं तरी काही झालं नाही असं समजून पुढे चला. मी सोमवारी इन्सर्टची अट बदलली पण ही एक्सेप्ट तशीच ठेवली होती.

कारण असं निघालं. मायएसक्यूएलमध्ये वेट टाइमआउट २८,८०० सेकंद असतो, आठ तास. कनेक्शन आठ तास गप्प बसलं की सर्व्हर ते तोडतो. आधी स्क्रिप्ट सेकंदाला दहा नोंदी टाकत होती, गप्प बसायचा प्रश्नच नव्हता. सोमवारी मी ती फक्त गाडी आली तरच लिहील अशी केली. मंगळवार ते गुरुवार सीझनची गर्दी, शेवटची गाडी रात्री साडेअकराला आणि पहिली सकाळी सहाला, आठ तास कधी झालेच नाहीत. आखाजीची सुट्टी आली, गुरुवार रात्र ते शनिवार सकाळ काटा रिकामा, कनेक्शन तुटलं, स्क्रिप्टला पत्ता नाही, ती मेलेल्या कनेक्शनवर वजनं टाकत राहिली आणि एक्सेप्ट पास ती वजनं फेकत राहिली. माझ्या दुरुस्तीतून आलेला बिघाड, आणि सुट्टी आल्याशिवाय दिसणार नव्हता.

लॉगिंग लावून कनेक्शन मुद्दाम तुटू दिलं (टाइमआउट ३० सेकंदांवर आणून), तर नंबर आला ४०३१. ८.०.२४ पासून मायएसक्यूएल या कारणासाठी हा वेगळा नंबर देतो, त्याच्या आधी २००६ यायचा. शोधताना बहुतेक ठिकाणी २००६ च सापडतो म्हणून सांगितलं. टेबलाच्या काचेखालच्या कागदावर पाचवा आकडा लिहिला.

वेट टाइमआउट वाढवायचा सोपा रस्ता होता, तो घेतला नाही. दिवाळीला ऑफिस चार दिवस बंद असतं, तेव्हा परत तेच. त्याऐवजी स्क्रिप्ट आता प्रत्येक वजन आधी त्याच मशीनवरच्या एका छोट्या एसक्यूलाइट फाइलमध्ये (एकाच फाइलचा डेटाबेस) लिहिते, मग मायएसक्यूएलला नवीन कनेक्शन घेऊन पाठवते, गेलं की खूण करते. नाही गेलं तर दर अर्ध्या मिनिटाने परत. वजन हरवण्याची शक्यता डेटाबेसपासून सोडवली. आणखी एक भोक दिसलं ते पण बुजवलं, मशीन चालू होताना ही स्क्रिप्ट मायएसक्यूएलच्या आधी उठायची आणि मरायची, आता सिस्टिमडीच्या (सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फाइलमध्ये मायएसक्यूएलनंतर उठायचं आणि मेली तर दहा सेकंदांनी परत उठायचं असं लिहिलंय.

दोन गाड्यांची वजनं ड्रायव्हरकडच्या काटापावतीवरून हाताने भरली.

१३ मे, सोमवार

रावेर मतदारसंघाचं मतदान, ऑफिसला सुट्टी. सकाळी मत दिलं आणि रिकाम्या ऑफिसात जाऊन डेटाबेस एकेका प्रकारे मुद्दाम पाडला.

सर्व्हिस बंद केली: लगेच २००२, लाल पट्टी, बरोबर. पासवर्ड चुकीचा दिला: १०४५, बरोबर. डिस्क भरली, पण यावेळी अपाचेच्या युजरने भरली: नवीन लॉगिन अडकलं कारण सेशनच्या (कोण लॉगिन आहे ते लक्षात ठेवणाऱ्या) फाइली पण त्याच डिस्कवर. हे मला आधी सुचलंच नव्हतं, सेशनचं फोल्डर दुसऱ्या पार्टिशनवर हलवलं.

मग फायरवॉलने मायएसक्यूएलच्या ३३०६ पोर्टची पाकिटं टाकून द्यायला लावली, नेटवर्क तुटल्यासारखं. आणि ॲप व्यवस्थित चालू. चाळीस मिनिटं फायरवॉलचे नियम उलटसुलट केले. कारण एवढंच की सेटिंगमध्ये होस्टचं नाव लोकलहोस्ट आहे, आणि लोकलहोस्ट लिहिलं की मायएसक्यूएलची लायब्ररी पोर्टवर जातच नाही, युनिक्स सॉकेटच्या फाइलवरून बोलते. १२७.०.०.१ लिहिलं तर पोर्टवरून जाते. दिसायला दोन्ही एकच मशीन, रस्ते वेगळे. "पोर्ट उघडा दिसतोय तरी कनेक्ट होत नाही" याचं उत्तर बऱ्याचदा इथेच असतं.

लोकलहोस्टच्या जागी १२७.०.०.१ टाकून परत बघितलं तर पान ६० सेकंद फिरत राहिलं, मग एरर. पोर्टने नाही म्हटलं तर उत्तर क्षणात येतं, पण पाकीट गिळलं गेलं तर पीएचपी मिनिटभर वाट बघतं. त्या मिनिटात क्लार्क पाच वेळा रिफ्रेश मारणार, पाचही विनंत्या अपाचेत अडकून बसणार. आमचा डेटाबेस त्याच मशीनवर आहे म्हणून हे सहसा होणार नाही, पण पुढेमागे वेगळ्या मशीनवर नेला तर होणारच. कनेक्ट टाइमआउट तीन सेकंद केला. तो कनेक्ट करायच्या आधी सेट करावा लागतो, नंतर केला तर उपयोग नाही.

१५ मे, बुधवार

४ तारखेला मला दिवाणजींनी फोन करून उठवलं, माझ्या अपटाइम मॉनिटरने (साइट चालू आहे का ते सतत बघणारी सेवा) नाही. त्याच्या हिशोबाने साइट दिवसभर १०० टक्के चालू होती, कारण पान उघडत होतं आणि २०० कोड (पान नीट मिळालं याचा) येत होता.

वेगळं तपासणी पान बनवलं, ते गाड्यांच्या टेबलमधली शेवटची नोंद खरोखर वाचतं. नुसतं सिलेक्ट १ चालवून थांबलो नाही, कारण त्याने डेटाबेस उठलाय एवढंच कळतं, आपलं टेबल वाचता येतंय का ते कळत नाही. मॉनिटरला "ठीक" हा शब्द शोधायला सांगितला. डेटाबेस बंद केला, दहा मिनिटं थांबलो, अलर्ट नाही. पान उघडलं तर त्यावर "ठीक नाही". शब्द सापडत होता. शिवाय कोड पण २००च जात होता, कारण मी एक्सेप्शन पकडून नुसता मजकूर छापला, कोड बदलला नाही.

आता बिघाडाला ५०३ कोड (सेवा सध्या बंद) जातो, त्याच्यासोबत किती वेळाने परत विचारायचं त्याचं हेडर, आणि शोधायचा शब्द असा ठेवलाय जो बिघाडाच्या मजकुरात येऊच शकत नाही. परत बंद करून बघितलं, तीन मिनिटांत फोन वाजला.

१८ मे, शनिवार

खर्चाचा हिशोब. यूपीएसच्या दोन बॅटऱ्या २,४०० रुपये, ४८० जीबीची एसएसडी ३,२००, पेट्रोल साधारण ९००. माझा वेळ ४१ तास भरला, त्यातले कमीत कमी १२ तास चुकीच्या दिशेला गेले, पासवर्ड, परमिशन, फायरवॉल यांच्यात. यूपीएसची यूएसबी वायर मशीनला जोडली, बॅटरी उतरायला लागली की मायएसक्यूएल नीट बंद होऊन मशीन बंद होतं. वायर पहिल्यापासून खोक्यातच पडलेली होती.

एसएसडीवर डेटा हलवायला रात्री साडेअकराला बसलो, पहाटे तीनला झालं. डेटाबेसचं फोल्डर दुसरीकडे नेलं की उबुंटूत ॲपआर्मर अडवतो, त्याच्या फाइलमध्ये नवीन जागा लिहावी लागते, यावेळी मला ते आधी आठवलं.

२२ मे, बुधवार

दुपारी दिवाणजींना न सांगता डेटाबेस बंद केला, शेठची परवानगी घेऊन, गाडी नसताना. मागच्या खुर्चीवर बसून बघत होतो. त्यांनी एका शेतकऱ्याचं खातं उघडलं, लाल पट्टी आली, त्यांनी ती मोठ्याने वाचली, समोरच्याला म्हणाले, "थांबा भाऊ, मशीन हिशोब सांगून नाही राहिलं, वहीत बघतो." मग काचेखालचा कागद बघितला आणि मला फोन लावला, "दोन हजार दोन येऊन राहिलं." मी मागेच होतो. दोघं हसलो, डेटाबेस चालू केला.

बाकी राहिलेलं काम: पीएचपी ७.४ ला मूळ पीएचपीवाल्यांकडून नोव्हेंबर २०२२ नंतर सिक्युरिटी अपडेट नाहीत, ते ८.२ वर न्यायचंय, जुन्या कोडच्या किती ओळी तुटतील ते आता तरी दिसेल. उबुंटू २०.०४ ची नेहमीची मुदत २०२५ पर्यंतच होती, ते पावसाळ्यात. आणि दोन सीझनच्या वापसीच्या नोंदी दिवाणजींच्या वहीशी जुळवून बघायच्यात, कोणाच्या पट्टीत फरक पडला असेल तर शेठ देणार आहेत. पहिल्या वहीची ६२ पानं झाली, सात पट्ट्यांमध्ये फरक निघालाय.